“डिस्क मेली, फेका”

मंडळी, आज लई किळस आली.

गुंजवण्याच्या एक काकू माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. धरणात गेलेल्या घरांचे नकाशे त्यांच्या दिवंगत मिस्टरांनी जुन्या कॉम्प्युटरवर काढलेले. शहरातला कॉम्प्युटर इंजिनिअर त्यांना म्हणाला होता, “डिस्क मेली, फेका.”

मी डिस्क चालू करून कान लावला. आवाज ठणठणीत! तिची कॉपी एम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातल्या नकली कॉम्प्युटरमध्ये टाकली. पडदा काळाच. नव्या फर्मवेअरला, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमला, डिस्कवरचा जुना बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा तुकडा, दिसेना. बायोस, म्हणजे जुन्या काळचं फर्मवेअर, निवडलं आणि नकाशे उघडले.

इंजिनिअरला फोन लावून डिस्क चांगली असल्याचं सांगितलं. तो हसला. “माहीत होतं हो. म्हातारीसाठी एवढं कोण करत बसतंय?”

फोन स्पीकरवर होता. पडद्यावर आपलं घर शोधणारं काकूंचं बोट थांबलं.

असल्यांचं ऐकून तुमी आजवर काय काय भंगारात घातलंय?