टेबल नंबर अठ्ठावीसवरची भाकरी

सुरुवातीलाच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आमच्या रहाटणीत ओढ्याकाठच्या एका चिंचेखाली म्हणे काहीबाही दिसायचं. विशीत असताना मी पैजेनं तिथे जाऊन बसलो, तर डासांखेरीज कुणीही भेटायला आलं नाही. पुढे जन्मभर मशिनं दुरुस्त केली. मशिन बंद पडलं की त्याला कारण असतंच. सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. या सदरात लोक काय काय लिहितात ते मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची...

गोष्ट पंचावन्न सालच्या सुमाराची. पिंपरीला तेव्हा नवी कंपनी उभी राहत होती. आमचं एक वावर तिच्या हद्दीत गेलं आणि मी टेक्निकल स्कूल शिकलेलो असल्यामुळे मला तिथेच मेंटेनन्सला नोकरी लागली. दीड वर्षानं साहेबांनी बोलावून सांगितलं, "दत्तोबा, एक वर्ष ट्रेनिंगला विलायतेला जायचंय. बोटीचं तिकीट कंपनी काढील." मी धावत घरी गेलो. वडील आदल्या वर्षीच वारले होते. घरात आई, धाकटी बहीण सोना, एक गाय आणि दोन बैल. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "वावर दिलं कंपनीला. आता पोरगं बी द्यायचं व्हय?"

त्यानंतर महिनाभर आमच्या घरात भांडणही धड झालं नाही. ती गप्प, मी फुगलेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे ताटावर बसलेल्या माणसानं वाढणाऱ्याला "नको" म्हणायचं असतं. भूक असो नसो, आधी नको, मग हात आडवा, मग वाढणारीनं हात बाजूला सारून वाढायचं. आई तर माझा नको कधी ऐकायचीच नाही. आणखी एक. वडिलांचे दात गेले होते, त्यांची भाकरी पातळ असायची आणि माझी जाड. अदलाबदल होऊ नये म्हणून तव्यावर टाकलेल्या माझ्या ओल्या भाकरीवर ती उजव्या हाताची चार बोटं दाबायची. वडील गेले तरी तिची ती सवय राहिली. मी लहानपणी त्या ठशांत माझी बोटं ठेवून बघायचो.

निघायच्या सकाळी दारात बैलगाडी उभी होती. चिंचवड स्टेशनवरून गाडी पकडायची होती. आई फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन पुढे आली. मी म्हटलं, "नको." मला बोटीवर ते फडकं घेऊन जायची लाजही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण तो नको रोजचाच होता. ती हात धरील, पिशवीत कोंबील, दोन शब्द रागावून बोलेल, मग मीही काहीतरी बोलेन, असं मी धरून चाललो होतो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मागे वळली आणि शिदोरी दुरडीत परत ठेवली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझा नको खरा मानला. मी उंबऱ्याशी उगाच चपलेचा पट्टा नीट करत उभा राहिलो. ती बाहेर आली नाही. गाडीवाला म्हणाला, "चल राव, गाडी चुकंल," आणि मी निघालो.

ती रात्र मुंबईत कंपनीच्या माणसाकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोटीवर चढलो. तो पहिला दिवस मला तासातासानं आठवतो. चार जणांची केबिन, तिचं गोल खिडकीचं भोक, रंगाचा आणि तेलाचा वास. सामान ठेवतोय तोच भोंगा झाला आणि सगळ्यांना गळ्यात लाइफजॅकेट अडकवून डेकवर उभं केलं, बोट बुडाली तर कुठे पळायचं ते शिकवायला. स्वागत म्हणून हे काही फार बरं नव्हे. मग एका माणसानं हातात कार्ड दिलं : जेवणाचं टेबल नंबर अठ्ठावीस, संध्याकाळी सात, प्रवासभर हीच जागा. बोट सुटली तेव्हा काठावरचे लोक रुमाल हलवत होते. माझं कुणीच नव्हतं, तरी मीही हलवला.

सातला घंटा वाजली. जेवणाचा हॉल एवढा मोठा, की आमची अख्खी रहाटणी पंगतीला बसली असती. खुर्च्या जमिनीला साखळीनं बांधलेल्या. टेबलावर सुऱ्या-काटे असे ओळीनं मांडलेले, की मला वाटलं आपण टूलरूममध्येच आलोय. माझ्यासमोर रेल्वेतले एक वयस्क इंजिनीअर होते, कृष्णन नावाचे, मद्रासकडचे. भला माणूस. "बाहेरच्या बाजूनं सुरू करा आणि आत आत या," एवढं त्यांनी हळूच सांगितलं.

पण मला घास तर मिळायला हवा! वाढपी गोव्याकडचा, मिंगेल नावाचा, पांढऱ्याशुभ्र कोटातला. त्यानं सूप आणलं, वाकून विचारलं. मी सवयीनं म्हटलं, "नो, नो." त्यानं मान लववली आणि सूप घेऊन गेला. मी बघतच राहिलो. मग काहीतरी भाजलेलं आलं, मटणाचं की आणखी कशाचं कळेना, त्याला नो म्हटलं ते मनापासून. मग भात आणि भाजी आली. पोटात आग पडली होती, तरी तोंडातून आधी "नो"च गेलं, आणि भात चालता झाला. शेवटी त्यानं आपणहून उकडलेले बटाटे आणि पाव माझ्यापुढे ठेवले. हसू नका, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या जगात नको म्हटलं की खरंच नेतात. काल सकाळपासून हे दुसऱ्यांदा घडत होतं.

तिथेच माझं ठरलं. वाटेतल्या एडन बंदरात उतरायचं, मिळेल त्या बोटीनं परत फिरायचं. नोकरी गेली तर गेली. आईनं मला तोडलंय, आणि ते तसंच ठेवून मी वर्षभर परमुलखात राहू शकणार नाही, हे मला अगदी स्वच्छ कळलं. मी मान खाली घालून बटाट्याकडे बघत होतो.

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक झाकलेली बशी आली. मी वर न बघताच म्हटलं, "नको." मराठीतच म्हटलं. बशी खाली ठेवली गेली. मी हात आडवा केला. तो हात बाजूला सरला... कुणी सारला की मीच घेतला, हे आज शपथेवर सांगता येणार नाही. झाकण निघालं. बोटीचीच निळ्या काठाची बशी, आणि तीत बाजरीची गरम भाकरी, लसणाचा ठेचा आणि मुठीनं फोडलेला कांदा.

मी वर पाहिलं तेव्हा मिंगेल पलीकडच्या टेबलावर वाढत होता. मला वाटलं, बिचाऱ्यानं माझे हाल पाहून खलाशांच्या चुलीवरून काहीतरी आणून दिलं. मी सुऱ्या-काटे बाजूला केले आणि हातानं खाल्लं. कृष्णननी तुकडा मागितला, मी अर्धी मोडून दिली. ती त्यांनी ठेच्याला लावून खाल्ली आणि नाक-डोळे पुसत तीन ग्लास पाणी प्यायले.

भाकरी मोडण्याआधी मी तिच्यावरचे ठसे पाहिले होते. आईचेच वाटले. पण मोजले तर चार नव्हते. तीन होते. पहिलं बोट, मग मोकळी जागा, मग शेवटची दोन बोटं. आईचा हात नव्हता तो. वाईट वाटलं आणि जरा हायसंही वाटलं, कारण तो आईचा असता तर मला वेड लागलंय असंच म्हणावं लागलं असतं. तरी पोट भरल्यावर छाती मोकळी झाली. कुणीतरी माझा नको ऐकला नव्हता, एवढ्यानं माणसाला केवढा धीर येतो! एडनला उतरायचा विचार मी तिथेच सोडला.

सकाळी मिंगेलचे आभार मानले. तो गोंधळला. "साब, आपने तो कल कुछ खायाच नहीं. आलू भी वैसाच छोड़ा. बाजरी इधर किधर से आयेगा?" मी खाली खलाशांच्या भटारखान्यात गेलो. तिथला रत्नागिरीकडचा आचारी म्हणाला, "अहो, आम्ही भात खाणारी माणसं. भाकरी थापायला परात तरी दिसतेय का इथं?" कृष्णनना विचारलं, बशी कुणी ठेवली? ते म्हणाले, "वाढप्यानंच ठेवली असेल, तोंड कोण बघतं? पण तिखट मात्र अजून पोटात आहे." म्हणजे भाकरी आली होती हे नक्की.

मग माझ्यातल्या मशिनच्या माणसानं कारण शोधलं. कुणा प्रवाशानं घरून आणलेली शिदोरी स्वयंपाकघरात गरम करायला दिली असणार आणि ती चुकून अठ्ठावीसवर आली. ज्याची गेली तो बिचारा उपाशी राहिला असेल. ठसे तीनच होते, हा माझा मोठा पुरावा. विषय संपला. घरी पत्रात मी यातलं अवाक्षर लिहिलं नाही. आईला वाचता येत नव्हतं, सोना वाचून दाखवायची, आणि माझ्या हुशारीला धक्का लागेल असं मी कशाला लिहू? घरची पत्रंही मोजकी होती. गाय व्याली, पाऊस बरा आहे, आई बरी आहे.

वर्षानं परत आलो. चिंचवडला उतरून ट्रंक डोक्यावर घेऊन चालतच घर गाठलं. आई दारात होती. तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि मला उजव्या हाताचा स्पर्श वेगळा वाटला. मी तो हात धरून बघितला. मधलं बोट अर्धंच होतं.

"हे कधी झालं?"

"झालं कवातरी. हात धू, जेवायला बस," म्हणून ती चुलीकडे गेली.

सोनानं मला अंगणात नेऊन सांगितलं. "तू गेलास ना दादा, त्याच दिशी. तुझी गाडी वळनावर गेली आन् आये कडबा तोडाया बसली. रडत व्हती, ध्यान नव्हतं, कोयता बोटावर आला. तुला कळवायचं न्हाई म्हणून माझ्याकडनं शपथ घेतली."

"मग?"

"मग काय. चिंचवडच्या डॉक्टरनं बोट कापून पट्टी बांधली. पर ही काय जेवंना. 'त्यो उपाशी गेला, म्या शिदोरी माघारी नेली,' म्हणत बसली. दुसऱ्या दिशी, तू बोटीवर बसलास त्या दिशी, सांजच्याला उठली आन् तसल्या हातानं भाकरी थापली. मी म्हनलं, मी करते, तर मला चुलीम्होरं येऊ दिलं न्हाई. ताट वाढून देवापुढं ठिवलं, वर सूप झाकलं आन् बसून ऱ्हायली. मी दिवा लावला. मग थोड्या वेळानं म्हनली, 'जेवला त्यो. आता मला वाढ.' आन् जेवली."

"आणि ताटातली भाकरी?"

"सकाळच्याला तिनंच गोठ्यात नेलं ताट. सूप उघडून मी काय बघितलं न्हाई." सोनाला यात विशेष काही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं, आई बोटाच्या दुखण्यानं बरळली असेल.

मी मात्र अंगणात उभ्या उभ्या ते ठसे मनात पुन्हा मोजले. पट्टी बांधलेलं बोट भाकरीवर टेकत नाही. ते उचलून धरावं लागतं. पहिलं बोट, मोकळी जागा, शेवटची दोन. जो पुरावा धरून मी वर्षभर सगळं खोटं ठरवत होतो, तो असा माझ्यावर उलटला. आणि त्या हातानं तिनं माझ्यासाठी भाकरी थापली, तेव्हा मी बटाट्याच्या बशीपुढे बसून आईनं आपल्याला तोडलंय म्हणत होतो, याची जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

आत जाऊन पाटावर बसलो. तिनं ताट पुढे ठेवलं. बाजरीची भाकरी, वर तीन ठसे. मी ती मोडली नाही. मी नुसता तिच्या हाताकडे बघत राहिलो.

आई चुलीत लाकूड सारत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खा की. त्या दिशी त्या मद्राशाला अर्धी दिलीस, आज कुनी बी मागनार न्हाई."

कृष्णनचं नाव, गाव, ठेचा, काही म्हणजे काही मी या घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी विचारलं, "आये, तुला कसं कळलं?" ती म्हणाली, "जेवताना बोलू नगं." त्यानंतर तीस वर्षं ती होती. मी कितीदा विचारलं, कधी लाडीगोडीनं, कधी वैतागून. दरवेळी तेच उत्तर. कारण असतंच, नीट शोधायला हवं, असं मी अजूनही म्हणतो. पण इतकी वर्षं शोधून मला ते सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली मी फारसा शोधतही नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

त्या संध्याकाळी एवढंच झालं, की मी जेवलो. पहिली भाकरी संपली, तिनं दुसरी पुढे केली. मी नको म्हटलं आणि हात आडवा केला. तिनं त्या अर्ध्या बोटाच्या हातानं माझा हात बाजूला सारला आणि वाढली. तो स्पर्श मी आधी एकदा बोटीवर अनुभवलेला होता.