कोरडी मोरी

पनवेलहून उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक मोरी आहे, तिच्याखालून कधीच पाणी वाहत नाही. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला ठेवतात ते दगडी भोक. ही चांगली मजबूत आहे, दोन्ही बाजूंना कठडे आहेत, कठड्यांना दरवर्षी चुना लागतो आणि खाली शेळ्या बसतात. एस.टी.तून जाणाऱ्यांपैकी कोणालाच प्रश्न पडत नाही की भर पावसातसुद्धा जिथे पाणी ठरत नाही, अशा उंचवट्यावर सरकारने मोरी का बांधली. मलाही पडत नाही, कारण मला उत्तर माहीत आहे.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पनवेलच्या घरातच ते आहे. दूधवाल्याने दूध घातलं की माझी आई भांडं उजेडाकडे धरून बघायची आणि मगच ‘बरं’ म्हणायची. पाहुणा वेळेवर आला तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची की आज हा वेळेवर कसा. असं वळण घेऊन मी मास्तरीण झाले आणि खाडीकाठच्या एका गावात शाळेवर रुजू झाले. राज्य तेव्हा मुंबईचं होतं, महाराष्ट्र व्हायचा होता.

त्या वेळी हा रस्ता म्हणजे एक रस्ताच नव्हता. थंडी-उन्हाळ्यात मिठाच्या गाड्या ज्या चाकोरीतून जात ती एक वाट. पावसाळ्यात ती चिखलात बुडाली की शेतांच्या बांधांवरून जायची दुसरी वाट. एका ठिकाणी खाडीचा फाटा आडवा येई, तिथे भरती असेल तर ओहोटी होईपर्यंत बसून राहायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेवर बसून तशीच थांबले होते, आणि गाडीवान मला उगाचच थांबवून ठेवतोय अशी माझी खात्री होती. पाणी ओसरलं तेव्हा त्याने लगेच बैल हाकले.

गावात मी काकींकडे राहिले. काकी म्हणजे एक विधवा शेतकरीण, पन्नाशीची, काटक, पाठीला कणा असलेली. मूलबाळ नव्हतं. धाकट्या दिराशी वाटणी झाली तेव्हा तिच्या वाट्याला घर आणि ओटीसमोरचं एकच भातशेत आलं होतं. दिराचं शेत त्याच्या वरच्या अंगाला, थोडं उंचावर. त्याने आपल्याला मुद्दाम खालचं शेत दिलं, असं काकी भाकरी थापतानासुद्धा बोलत असे. पण खालच्या शेतात गाळ साठायचा आणि भात तिचंच जास्त यायचं, हेही तितकंच खरं. त्या एका शेतावर तिचं वर्ष निघत होतं. कोणाच्या दारात न जाता म्हातारपण काढायचं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती त्या शेतावर टांगलेली होती.

मी तिथे गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, भातं झोडून झाल्यावर, पक्क्या रस्त्याची आखणी करायला ओव्हरसियर आला. तिशीचा असेल, गोरा, खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर टोपी. ती चड्डीच त्याला नडली. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात पोलिसांनी केलेला गोळीबार पाहिलेली माणसं गावात होती. खाकी दिसली की बायका पोरांना आत ओढायच्या. रस्ता झाला की पोलिसांची गाडी दारात येईल, असं एकाचं म्हणणं. मिठागरवाल्यांनी आपल्या मिठासाठी सरकारला हाताशी धरलंय, असं दुसऱ्याचं. गाडी येईल, दवाखाना जवळ येईल, असं मी वर्गात मुलांना शिकवत होते, पण खरं सांगायचं तर मलाही त्यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. इतकी वर्षं आठवण झाली नाही, ती आताच कशी झाली?

ओव्हरसियरने तीन मार्ग मोजले. एक डोंगराच्या पायथ्याने, एक गावातून आणि एक शेतं आणि खाडी यांच्यामधून. त्यामुळे संशयही तिप्पट झाला. तो दिवसा खुंट्या ठोकायचा आणि सकाळी त्या भलत्याच जागी असायच्या. प्रत्येकाने आपल्या शेतातली खुंटी उपटून शेजाऱ्याच्या शेतात रोवलेली. एकदा तर खुंट्यांच्या रांगेप्रमाणे रस्ता गावच्या विहिरीत उतरून पलीकडे निघत होता. ओव्हरसियर खुंट्या उपटायचा, पुन्हा मोजायचा, पुन्हा ठोकायचा. तो चिडत का नाही, याचीही लोकांना शंका येऊ लागली.

त्याच्याजवळ तीन पायांच्या घोडीवर ठेवलेली दुर्बीण होती. शेवटी खाडीकडचा मार्ग ठरला आणि ती दुर्बीण आमच्या ओटीच्या समोर, शेताच्या पलीकडच्या कडेला येऊन उभी राहिली. एक दिवस झाला, दोन झाले, तीन झाले. बाकी ठिकाणी अर्ध्या दिवसात पुढे सरकणारा माणूस आमच्याच घरासमोर का मुक्काम ठोकून आहे, हे काही मला बरं दिसेना. घरात आम्ही दोघी बायका. मी ओटीवर वह्या तपासायला बसायची ते बंद केलं.

चौथ्या दिवशी काकी कोयता हातात घेऊनच शेत ओलांडून गेली, आणि तिच्यामागे मी. त्यात काय बघतोस, असं तिने विचारलं. ओव्हरसियरने हसून बाजूला होत तिला दुर्बिणीला डोळा लावू दिला. काकीने लावला आणि झटक्याने मागे सरली. त्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. तिला तिचं घर दिसलं होतं, कौलं खाली आणि जोतं वर.

“बाय, यो मानूस घर उलटं करून बघतंय,” ती मला म्हणाली. “याच्या मनात बरा नाय.”

काचेमुळे तसं दिसतं, असं तो समजावत राहिला. मग हाताने दाखवत म्हणाला की इथे, तुमच्या शेतासमोर, एक मोरी येणार आहे. खुंटीवर त्याने तांबड्या रंगात ‘मो’ लिहिलेलं होतं.

आता घोटाळा असा की काकीच्या गावात मोरी म्हणजे घरातली मोरी. जिथे अंघोळ करतात आणि भांडी घासतात ती. बांधातून पाणी सोडायचं जे दार असतं त्याला ते लोक उघाडी म्हणतात. रस्त्याखालची मोरी त्या गावाने पाहिलेलीच नव्हती, कारण रस्ताच पाहिलेला नव्हता. काकीला वाटलं, रस्त्याच्या मजुरांना अंघोळीसाठी सरकार तिच्या दारासमोर मोरी बांधणार. रोज पंचवीस-तीस पुरुष उघडेबंब होऊन तिथे पाणी ओतणार आणि साबणाचं घाण पाणी तिच्या भातात येणार. संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली आणि बायका तिची समजूत काढायला आल्या.

मी मात्र पनवेलची. आमच्या घराजवळच्या रस्त्याखाली मोरी होती, लहानपणी आम्ही तिच्यात लपत असू. ओव्हरसियर काय म्हणतोय ते मला पहिल्या शब्दालाच कळलं होतं.

मी बोलले नाही. का बोलले नाही, याचा विचार मी पुष्कळ केला आहे आणि उत्तर दरवेळी तेच येतं. त्या माणसाचा मला संशय होता. मोरी हे निमित्त आहे, बांधकामाच्या नावाखाली दोन महिने आमच्या ओटीसमोर बसायला मिळावं म्हणून त्याने ही जागा काढली आहे, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. काकीच्या गैरसमजाने तो परस्पर हलणार असेल तर मला हवंच होतं.

दीर मात्र त्याच दिवशी सांगायला आला. तो तरुणपणी घाटात रस्त्याच्या कामावर जाऊन आलेला होता. अंगणातच उभा राहिला, ओटीवर चढायची त्याला मुभा नव्हती. “वयनी, ती मोरी होऊं दे,” तो म्हणाला. “ती पान्यासाठी हाय. तुजंच शेत खोलात हाय.”

काकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो गेल्यावर ती मला म्हणाली की वाटणीच्या वेळीही तो असाच गोड बोलला होता. ज्या गोष्टीला तो हो म्हणतो ती गोष्ट आपल्याला नडणारी, एवढं तिला पुरे होतं. तिने मला अर्ज लिहायला बसवलं.

माझं अक्षर फार चांगलं आहे. मी लिहिलं की ओटीसमोरची नियोजित मोरी ग्रामस्थांना मान्य नाही, ती पनवेलच्या दिशेला, घरांची वस्ती संपते त्या उंचवट्यावर न्यावी. काकीने अंगठा उठवला. सरकारविरुद्ध अंगठा द्यायला मिळतोय म्हटल्यावर अर्ध्या गावाने उठवला. दिराने उठवला नाही, त्यामुळे काकीची खात्री आणखी पक्की झाली.

काही दिवसांनी ओव्हरसियर मधल्या सुट्टीत शाळेत आला. व्हरांड्यातच, मुलांच्या देखत उभा राहिला. हातात माझा अर्ज होता. वरच्या साहेबांनी त्यावर शेरा मारला होता की तक्रार वाढवू नये, मोरी पुढे न्यावी आणि पाणी कडेच्या चरातून काढावं.

“बाई, अक्षर तुमचं आहे,” तो म्हणाला. “मोरी म्हणजे काय, ते तुम्हाला तरी माहीत आहे ना?”

“काकींना जे म्हणायचं होतं ते अर्जात आहे,” मी म्हटलं.

चार दिवस मी त्याच जागी होतो, कारण सगळं पाणी तिथेच उतरतं, असं तो म्हणाला. मी घंटेकडे पाहिलं. त्याने कागदाची घडी घातली आणि तो गेला. त्यानंतर त्याने आमच्या घराकडे कधी मान वर करून पाहिलं नाही. तेव्हाही मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

भराव पडला, त्यावर खडी आली, रोड रोलर आला, तो बघायला शाळा सोडावी लागली. मोरी उंचवट्यावर बांधली गेली. कडेचा चर कागदावर पुरेसा खोल होता. जमिनीवर तो आषाढातच भरावाच्या मातीने बुजला, आणि काकीच्या शेतातलं पाणी, जे इतकी वर्षं मुकाट्याने खाडीत उतरत होतं, ते रस्त्याला अडून उभं राहिलं. लावणी होऊन पंधरा दिवस झाले होते. रोपांचे शेंडे तेवढे दिसत होते, मग तेही दिसेनासे झाले.

दीर भर पावसात इरलं घेऊन चर उपसायला उतरला. एकटाच होता. काकीने ओटीवरून पाहिलं आणि ती ओरडत बांधावर गेली. त्याच्या शेतातलं पाणी तो तिच्या शेतात वळवतोय, असं ती म्हणत होती. कंबरभर पाण्यात उभा राहून तो ऐकत राहिला, मग फावडं खांद्यावर टाकून निघून गेला. मी ओटीवर उभी होते. खाली जाऊन दोन वाक्यं बोलायला काही लागत नव्हतं. मला लाज वाटत होती आणि मी त्या लाजेला भिऊन गप्प बसले.

त्या वर्षी भात झालं नाही. पुढच्या वर्षीही झालं नाही. दीर तांदळाचं पोतं अंगणात ठेवून जाई. काकी त्यातले मूठभर आधी कोंबड्यांना घालून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघे, आणि कोंबड्या जिवंत राहिल्या तरी पोतं परत पाठवे. मग ती मिठागरावर जाऊ लागली. पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्यांच्या मिठाच्या पाट्या वाहू लागली. संध्याकाळी आली की पायांच्या भेगांना खोबरेल लावून बसायची. तेल मीच लावून देत असे.

एकदा तसं लावताना तिने विचारलं, “बाय, अर्जात तू बरोबर लिवलंस ना? का त्यानं मागून काय फिरवलं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने बरोबर माणसाला प्रश्न विचारला होता.

“तुम्ही सांगितलंत तेच लिहिलं,” मी म्हटलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

तिने मान हलवली. म्हणजे दिरानेच वर जाऊन काहीतरी केलं, असा तिने हिशेब लावला, आणि तो तिला पटला. त्यानंतर त्याच्याशी ती मरेपर्यंत बोलली नाही, असं मला पुढे कळलं.

मी बदली मागून घेतली. तोवर रस्त्यावर डांबर पडलं होतं आणि एस.टी. गावाजवळ थांबत होती. काकी मला पोचवायला थांब्यावर आली. मिठागरावरचा एक दिवस तिने त्यासाठी बुडवला होता. सुकटीची पुरचुंडी माझ्या हातात देऊन तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

“ओव्हरशेर लबाड, दीर लबाड,” ती म्हणाली. “तू येकलीच सरळ निंगालीस, बाय.”

गाडी आली. मी चढले, खिडकीशी बसले, आणि थोड्याच वेळात आमची गाडी त्या कोरड्या मोरीवरून गेली.