टॉमच्या काडतुसांची रांग

माझं शेवटचं पोस्टिंग स्लायगो, आयर्लंड. हुकूम मुलीचा. मी पायदळातला निवृत्त सुभेदार. बायको गेली तेव्हा वैशाली म्हणाली, "बाबा, तिकडे एकटे काय करणार तुम्ही?" आणि इकडे घेऊन आली. ती हॉस्पिटलात डॉक्टर, जावई ऑफिसात, नातू शाळेत. नातू घरी आला की "हाय आजोबा", आणि पुढे सगळं इंग्रजी. म्हणजे एकटा तो एकटाच, फक्त थंडी जास्त. पहाटे उठतो, दाढी करतो, बूट चमकावतो आणि खिडकीशी बसतो. इन्स्पेक्शनला कुणी येत नाही.

शनिवार मात्र माझा. शेजारचा टॉम आयरिश फौजेतला निवृत्त सार्जंट. त्याच्या गाडीतून आम्ही रायफल क्लबच्या रेंजवर जायचो. तो फायर करायचा, मी दुर्बिणीतून गोळी कुठे लागली ते सांगायचो. काडतुसं तो स्वतः भरायचा, क्लबच्या खोलीत, परवान्यानिशी. पुंगळीत दारू घालायची, मग हातयंत्राचा दांडा ओढून गोळी बसवायची. प्रत्येक गोळी सारखीच खोल बसली पाहिजे. कमीजास्त झाली की नेम भरकटतो. फार आत गेली तर दाब वाढून रायफल तोंडाशी फुटू शकते.

टॉमच्या बोटांना संधिवात. त्याबद्दल बोललेलं त्याला अजिबात खपत नाही. रेंज ऑफिसरने एकदा "मदत करू का?" एवढंच विचारलं, तर टॉमने त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

त्या शनिवारी टॉम चांगला कोट घालून आला होता. लेबनॉनमध्ये शांतिसेनेत असताना त्याच्या शेजारी मारल्या गेलेल्या डर्मटच्या नावाने तो वर्षातून एकदा फायर करतो. त्याने काडतुसांचा डबा उघडून बाकावर ठेवला. सगळी उभी, भरलेल्या क्रमाने, टोकं वर. मी आयुष्यभर परेडवर रांगा सरळ केल्या आहेत. ही रांग एका टोकाकडे उतरत होती. अगदी थोडी.

मी बाकावरचा व्हर्निअर लावून काडतुसांची लांबी मोजली. पहिलं काडतूस बरोबर. शेवटचं आखूड. यंत्रावरचा खोली पक्की करणारा नट नीट आवळला गेला नसणार. दांड्याच्या दर ओढीला स्क्रू खाली सरकला होता.

तोवर टॉम चटईवर आडवा झाला होता. पहिलं मॅगझिन रायफलीत होतं.

"रेडी," तो म्हणाला.

बोललो तर हा मित्र जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि या देशात मला दुसरा मित्र नव्हता.

"टॉम, स्टॉप."

"काय झालं?"

"गोळ्या आत गेल्यात. नट सुटलाय."

"मी आवळलाय तो. माझे हात ग्रँड आहेत, ठणठणीत."

"अनलोड, सार्जंट!" आवाज परेडवरचा निघाला.

त्याने रायफल रिकामी केली. चेहरा लाल. सामान उचललं, क्लबच्या खोलीत जाऊन केटल लावली. मी दारातच उभा. शनिवारही गेला, असं वाटलं.

"एवढं ओरडायला काय झालं होतं?" शेवटी त्याने विचारलं.

मग जे घरी कधी बोललो नाही, ते सांगितलं. सीमेवरच्या आमच्या पोस्टवर रोज संध्याकाळी रायफल लोड, सकाळी अनलोड. बाहेर पडलेलं काडतूस पुसायचं आणि परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर ठेवायचं. सगळेच तसं करत. दर खेपेला तीच गोळी केसभर आत ढकलली जायची. एकदा गस्तीवर समोरून फायर आला. माझ्या सेक्शनमधल्या नाईकाची पहिलीच गोळी, तीच आत गेलेली, अडकली. ती काढायला लागतो तेवढाही वेळ त्याला मिळाला नाही.

टॉमने दोन कपांत चहा ओतला. एक माझ्यासमोर ठेवला.

"नाव काय त्याचं?"

"नाईक ज्ञानदेव साळुंखे."

त्याने म्हणून पाहिलं. अडखळला. मी पुन्हा सांगितलं. हळूहळू त्याला जमलं. मग तो उठला, कोटाची बटणं लावली आणि सावधान उभा राहिला. मीही राहिलो.

"कॉर्पोरल डर्मट," तो म्हणाला. "नाईक ज्ञानदेव साळुंखे."

फौज सोडल्यापासून दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ते नाव ऐकलं नव्हतं.