दारापुरतं डांबर

गल्लीभर खड्डे, आणि मध्येच समोरच्या सुमनताईंच्या फाटकापुढे काळंभोर, गुळगुळीत डांबर. रस्त्याच्या खर्चाचा हिशेब त्यांनी नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात मागितला होता. उत्तर आलं नाही, रोलर आला.

“तो अर्ज कसा करायचा, मलाही सांगा ना. माझ्या दारापुढेही खड्डा आहे,” आज सकाळी मी त्यांना म्हटलं.

ताई कसनुसं हसल्या. “अहो, मी माहिती मागितली होती, डांबर नव्हे.” आणि ते डांबर चुकवून, भिंतीच्या कडेकडेने त्या खड्ड्यांतून चालू लागल्या.

विचारणाऱ्याला गप्प करायला दरवेळी धाकच लागतो असं नाही, दारापुरती सोयही पुरते. ताईंना ती पुरली नाही. मला मात्र मिळण्याआधीच पुरली होती.