दोन मंडळं आणि ग्रीसचा वर्ग

निवृत्त झाल्यावर मी आमच्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत प्राचीन ग्रीसवरच्या वर्गाला नाव नोंदवलं. दर मंगळवारी सकाळी आम्ही बारा-तेरा म्हातारे जमायचो. दुसऱ्या आठवड्यात वहिनी आल्या आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्या. त्यांचा नवरा माझा जुना मित्र. इथलं मराठी मंडळ आम्ही दोघांनी उभं केलं, आणि गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसवायचा की देवळात, यावरून चौदा वर्षांपूर्वी आम्हीच ते फोडलं. तेव्हापासून एकाच शनिवारी दोन आरत्या, आणि आमचं बोलणं बंद.

काही आठवड्यांनी एका मंगळवारी शिकवणाऱ्या बाई सांगत होत्या: पर्शियाचा राजा चालून आला तेव्हा अथेन्स आणि स्पार्टा एकत्र लढले. पन्नास वर्षांनी तेच एकमेकांवर उठले. सत्तावीस वर्षांनी स्पार्टा जिंकलं, पण ते जिंकणंही फार टिकलं नाही. पुढे उत्तरेकडून मॅसेडोनियाचा राजा आला आणि सगळ्यांनाच भारी पडला.

वहिनींनी हात वर केला. “सुरुवात कोणी केली?”

“दोघंही म्हणत होते, समोरच्याने,” बाई म्हणाल्या.

मी वहीत डोकं घातलं.

वर्ग सुटल्यावर पार्किंगमधल्या बर्फात वहिनी थांबल्या. “भाऊजी, ह्यांना पार्किन्सन्स झालाय. ड्राइव्ह करणं बंद झालं. मी घरी गेले की विचारतात, तो होता का वर्गात?”

मी त्यांच्या गाडीमागून त्यांच्या घरी गेलो.

मित्र खिडकीशी बसला होता, कप दोन्ही हातांनी धरून. काय बोलायचं ते मी इतक्या वर्षांत शंभरदा ठरवलं होतं. ऐन वेळी मी नुसतं जॅकेट काढलं.

“हॉलच बरोबर होता,” तोच म्हणाला.

“देऊळ,” मी म्हणालो.

तो हसला नाही. “जागेचं सोड. तू त्या मीटिंगमध्ये माझा माईक बंद केलास. सगळ्यांसमोर, माझं वाक्य अर्धं असताना.”

माईक बिघडला होता, असं मी लोकांना सांगत आलो होतो. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

“हो, मीच केला बंद,” मी म्हणालो. “चुकलं माझं.”

त्याने कप खिडकीत ठेवला. मग वहिनींना म्हणाला, “अगं, ह्याला चहा दे.”

मंडळं काही एक झाली नाहीत. आम्ही दोन्हीकडे जाऊन बोललो, पण नव्या कमिटीतल्यांना भांडण कशाचं होतं हेच ठाऊक नव्हतं, आणि ते मिटवायची घाईही नव्हती.

आता मंगळवारी त्याला वर्गाला मी नेतो. पायऱ्यांपाशी हात पुढे करतो. तो आधी नको म्हणतो, मग धरतो.