मुकादम पुलावरून का जात नव्हता

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आंबेगावच्या डोंगरी भागातल्या त्या ओढ्याकाठची सकाळ मनातून जात नाही. भातलावणीचे दिवस होते. माहेरहून परतणारी एक बाई वाडीजवळच्या पुलावर आली आणि स्लॅब कोसळला. पलीकडे तिला घ्यायला आलेला नवरा उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत ती गेली.

पूल फार जुना नव्हता. ठेकेदाराच्या मुकादमाने जबाब दिला, "पाण्याला लई जोर व्हता, साहेब." ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पंचनाम्याच्या वेळी वाडीतली एक म्हातारी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यो मुकादम पूल झाल्यावरबी पाण्यातूनच यायचा. पुलावर पाय न्हाई ठेवला त्यानं."

मुकादमाला मी ठाण्यात बोलावलं, चहा दिला. धाक दाखवला की माणूस पाठ केलेलं बोलतो; साधं विचारलं की अडखळतो.

"त्या पुलावरून तू कधी गेलास?"

"न्हाई."

"का?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याला रडू फुटलं. "आमी सिमेंट निम्मंच टाकलं, साहेब. बाकीचं मालकाच्या बंगल्याला गेलं."

तुटलेल्या काँक्रीटचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तिथल्या अभियंत्याने समजावलं, की सिमेंट इतकं कमी पडलं की खडी-वाळू घट्ट धरली जात नाही, आत बारीक पोकळ्या राहतात. त्यातून पाणी शिरतं, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. वरचा गिलावा मात्र गुळगुळीतच दिसतो. ठेकेदाराला अटक झाली, पुढे शिक्षाही लागली.

निकाल सांगायला मी मुद्दाम वाडीवर गेलो. नवरा बांधावर बसला होता.

"पूल व्हावा म्हणून ग्रामसभेत मीच भांडलो व्हतो," तो म्हणाला. "आधी ती माहेरावरनं आली की मी पाण्यात उतरायचो, हात धरून तिला आणायचो. मधेच थांबून हसायची. सोडू नका हां, म्हणायची. पूल झाला आन् हात धरायचं कारणच उरलं न्हाई."

शिक्षा लागली की प्रकरण संपलं, असं तेव्हा मला वाटायचं. पुढे माझी पत्नी गेली, आणि मग कळलं, की त्या दिवशी तो माणूस निकाल ऐकतच नव्हता.