दोन शिखरांचा कागद
परवा व्हिनेगरची बाटली उघडली आणि त्या आंबट वासासरशी रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली; बाबा तिथे शिपाई होते आणि निवृत्त झाल्यावरही माझ्या संशोधनाला मदत करायला यायचे. डाव्या-उजव्या हातासारखी दिसणारी एकाच औषधाची दोन रूपं मला वेगळी करायची होती. त्यातल्या एका रूपाभोवती पॉलिमरचे बारीक कण घडवायचे, मग व्हिनेगरमध्ये असतं त्याच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडने ते औषध धुऊन काढायचं, म्हणजे कणांत त्याच्याच आकाराची जागा उरते. पुढे केसाएवढ्या नळीतून विजेच्या जोरावर मिश्रण सोडलं, की ते रूप त्या जागांत अडकत मागे पडतं. धुण्याचं काम बाबांचं. खिडकीतून बंदरावरच्या मासळीचा वास यायचा आणि बाबा म्हणायचे, "बाये, अजून एकदा धुतो गो." वर्षभर दोन्ही रूपं एकत्रच बाहेर पडत राहिली, आलेखावर एकच शिखर उमटत राहिलं. त्याच सुमारास बाबांना विसरायला होऊ लागलं, त्यांना घरी बसवावं लागलं. ज्या दुपारी दोन शिखरं सुटी उमटली, त्याच दुपारी मी कागद घेऊन रिक्षाने घरी धावले. पडवीत बसलेल्या बाबांनी तो बराच वेळ पाहिला. "दोन झाली," म्हणून हसले आणि अदबीने उठून उभे राहिले. "म्याडम, माझी पोर पण हेच करते हो. तिचंही होईल ना?" "होईल," मी म्हटलं. त्यांनी मला हात जोडले. आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं; बाबा मात्र शेवटच्या श्वासापर्यंत त्या पोरीची काळजी करतच गेले.